वाटाड्याचं मोल

राजापूर तालुक्यातल्या कशेळीला पर्यटकांच्या गाड्या नेहमी येतात. माणसं कनकादित्याचं दर्शन घेतात, देवघळीच्या कड्यावर उभं राहून फोटो काढतात आणि आडिवऱ्याच्या महाकालीची वाट धरतात. त्याच गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. त्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या आणि माशांच्या कितीतरी आकृती खोदलेल्या आहेत. देशातल्या सर्वांत मोठ्या कातळशिल्पांपैकी हे एक. पण भर दुपारी गेलं तर पर्यटक त्या हत्तीजवळ उभा राहूनही हत्ती कुठं आहे असं विचारतो. ऊन डोक्यावर आलं की खोदलेल्या रेषेतली सावली नाहीशी होते आणि उरतो तो नुसता काळपट कातळ. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, ज्यानं ते शंभरदा पाहिलंय अशा माणसानं सोंडेपासून बोट फिरवत नेलं, की पाठ, पाय, शेपूट असं एकेक अंग उमटत जातं.

कोकणात असं फार आहे. उघड्यावर आहे, वाटेवर आहे, त्याला तिकीटही नाही, तरी ते दिसत नाही. दाखवायला गावातला माणूस लागतो. म्हणून या किनाऱ्याच्या सहलीत खोली, गाडी आणि मासळीचं ताट यांच्याइतकाच स्थानिक वाटाड्याचाही खर्च धरला पाहिजे, आणि तो खर्च बक्षिशी म्हणून नव्हे तर कौशल्याचा मोबदला म्हणून दिला पाहिजे.

मराठी पर्यटक इथंच आखडता हात घेतो. व्हिएतनामला किंवा इटलीला गेल्यावर तो गाइडचे पैसे कुरकुर न करता भरतो, कारण ते सहलीच्या दरपत्रकात धरलेले असतात. कोकणात मात्र 'आपलंच तर आहे, त्यात माहिती कसली द्यायची' असा त्याचा सूर असतो. ज्या घरात उतरलो त्या घरातल्या मुलानं दिवसभर सोबत हिंडायचं, देऊळ दाखवायचं, ओहोटीची वेळ सांगायची, चांगली सुरमई मिळवून द्यायची आणि निघताना त्याच्या हातावर एखादी नोट ठेवायची, ही रीत पडून गेली आहे. त्या मुलाचा दिवस गेला, त्याच्या आजोबापणजोबांनी साठवलेलं ज्ञान वापरलं गेलं, आणि हिशेबात ते कुठंच आलं नाही. खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करणारा निदान खोलीची काही किंमत आहे एवढं तरी मानतो.

कातळशिल्पांचीच गोष्ट पुढं नेऊ. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून ही शिल्पं जगापुढं आणली. संशोधकांच्या अंदाजानुसार त्यांतली काही दहा हजार वर्षांहून जुनी असू शकतात. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. या शोधकांनाही वाट दाखवली ती बऱ्याचदा गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी. गुरं चारायला सड्यावर जाणाऱ्या माणसांना ती 'चित्रं' लहानपणापासून ठाऊक होती. कुणी ती पांडवांची मानत होतं, कुठं त्यांच्याजवळ नारळ ठेवला जात होता. त्याच सड्यांवर चिरेखाणी आहेत. एक यंत्र दोन दिवस चाललं तर हजारो वर्षांची आकृती घराच्या भिंतीत जाऊन बसते. गावातल्या एखाद्या पोरानं त्या कातळावरून वर्षाला चार पैसे कमावले, तर त्या जागेची राखण करायला दुसरा पहारेकरी नेमावा लागणार नाही.

समुद्राच्या बाबतीत तर वाटाड्या म्हणजे जिवाचा प्रश्न आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो, पण परतायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. दरवर्षी कुणीतरी अडकतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक लागत नाही. तो तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या आसपास आणि सुकती त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला साधारण सव्वा अकरा, आणि तेव्हा उधाणाचं पाणी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, म्हणजे चढही कमी आणि उतारही कमी. हिशेब ढोबळ आहे, जागेनुसार थोडं मागंपुढं होतं, पण पिढ्यान् पिढ्या होड्या याच हिशेबावर बाहेर पडल्या आणि परत आल्या.

पुण्याहून पहाटे निघून दुपारी वाळूवर पोचलेल्या कुटुंबाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला समोर निळं पाणी आणि मोकळी वाळू दिसते. ओहोटीच्या वेळी पाणी मागं जाताना पायाखालची वाळू कशी ओढून नेतं, लाटा फुटत नाहीत ती शांत दिसणारी पट्टीच कशी आत खेचणारी असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गणपतीपुळ्यासारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावर धोक्याचे फलक आहेत, तरी माणसं बुडाल्याच्या बातम्या थांबत नाहीत. फलकाकडं माणूस पाहत नाही. 'आज पाण्याक ओढ आसा, गुडघ्याच्या फुडे नको' असं सोबतच्या गाबीत मच्छीमारानं सांगितलं तर मात्र बाप पोराचा हात धरून मागं येतो.

मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. अशा प्रसंगानंतर काही आठवडे तपासण्या होतात, जीवरक्षक जॅकेटं मोजली जातात. जॅकेटं हवीतच. त्याबरोबर ज्याच्या हाती माणसं सोपवायची त्याचं प्रशिक्षण, त्याची नोंद आणि आज होडी काढायची नाही असं ठामपणे म्हणण्याची त्याची हिंमत, या गोष्टीही तितक्याच हव्यात. ही हिंमत त्याला फेरीमागं पैसे मिळत असतील तर येत नाही. दिवसाचा ठरलेला मोबदला मिळत असेल तर येते.

मालवणच्या सिंधुदुर्गाला लाखो लोक जातात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी आधी पूजा झाली, तिथं मात्र फार थोडे जातात. होडी तटाच्या अगदी जवळ येते तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांना असे वळसा घालून उभे आहेत की वाट त्यांच्या पोटात शिरल्यावरच समजते. शत्रूची होडी इथं आली असती तर तिला दरवाजा शोधत तटाखाली घुटमळावं लागलं असतं आणि वरून मारा झाला असता. हे होडीतून उतरण्याआधीच, पाण्यावर असताना दाखवायला हवं. आत गेल्यावर चुन्यातला शिवरायांच्या हातापायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चहूकडं खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. होडीवाल्यानं परतीची वेळ बांधून दिलेली असते. तेवढ्यात माणसं तटावर चढतात, सेल्फी काढतात, उतरतात. आरमार उभं करणाऱ्या राजानं नेमकं हेच बेट का निवडलं, भोवतालच्या खडकांनी मोठ्या जहाजांची वाट कशी अडवली, हे सांगायला त्या खडकांतून रोज होडी काढणाऱ्या माणसाइतका योग्य दुसरा कोण असणार? पण त्याचं काम फेऱ्या मारणं एवढंच ठरलेलं आहे.

वाटाड्या स्थानिक आहे एवढ्यानं भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. विजयदुर्गावर पर्यटकांना 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात आणि सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं इथूनच हेलियमचा शोध लावला. फलकांपासून समाजमाध्यमांपर्यंत ही कथा पसरली आहे. वस्तुस्थिती अशी की १८६८च्या त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. त्या ग्रहणाचं गाजलेलं निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून केलं. लॉकियर यांनी दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट टिपला. त्यातल्या पिवळ्या रेषेच्या अभ्यासातून पुढं नव्या मूलद्रव्याची कल्पना आली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. ते काम विल्यम रॅमसे यांचं.

मग विजयदुर्गाचा संबंध खोटा का? मुळीच नाही. लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आले होते, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याआधी १८७१च्या ग्रहणाला ते केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर येऊन गेले होते. १८९८मध्ये 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. आरमारी माणसांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला शिकवून निरीक्षणाचे गट पाडले गेले. त्या मोहिमेचा सविस्तर अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीनं प्रसिद्ध केला आणि त्यात या गावाचं नाव त्या काळच्या इंग्रजी उच्चारानं 'विझियाद्रुग' असं छापलेलं आहे. हेलियमचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं तो माणूस, तीस वर्षांनी, मराठ्यांच्या आरमाराच्या जुन्या ठाण्यावर परक्या आरमाराच्या खलाशांना घेऊन सूर्याकडं पाहत उभा आहे. खरी गोष्ट ही आहे, आणि ती ऐकीव गोष्टीपेक्षा कितीतरी रसाळ आहे. ती सांगणारा वाटाड्या घडवायचा तर त्याच्या हातात कुणीतरी खरी माहिती ठेवायला हवी. चुकीची कथा सांगणाऱ्या गावकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला जे ऐकवलं गेलं तेच तो ऐकवतो.

हीच गत डॉल्फिनच्या फेऱ्यांची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झालं. या पाण्यात कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगत दिसतात. पाठीचा काळपट कुबड वर आला रे आला की चार होड्या इंजिन फुगवून तिकडं धावतात, कारण 'दिसले नाहीत तर पैसे परत' असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं. जाणता माणूस इंजिन बंद करतो आणि थांबतो. बऱ्याचदा कळप मग स्वतःहून जवळ येतो. पर्यटकानंही 'अजून जवळ घ्या' हा हट्ट सोडायला हवा.

हे सगळं नीट जमलेली ठिकाणं कोकणातच आहेत, त्यासाठी परदेशाकडं बघायला नको. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं गाव. आज ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले कासवांमुळं. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, २००२च्या सुमारास इथं घरट्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. पूर्वी वाळूतली अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे उकरून नेत. आता गावचे कासवमित्र रात्री किनाऱ्यावर फिरतात, मादीच्या पायांचे माग ओळखून घरटं शोधतात, अंडी कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि वरून टोपली झाकतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघायला लागतात. मग सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलल्या जातात. दोरीच्या पलीकडं ताटकळलेली शहरातली माणसं श्वास रोखून बघतात आणि तळहाताएवढंही नसलेलं ते पिल्लू वाळूवरच्या पावलांच्या खळग्यांत धडपडत, पालथं पडत, पुन्हा सरळ होत पाण्याकडं जातं. कधी कधी टोपलीखाली काहीच नसतं. तेव्हा कासवमित्र लोकांना बसवून सांगतो की वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, आणि अंडी उचलताना जशी होती तशीच का ठेवावी लागतात.

गावातल्या घरांनी राहण्या-जेवणाची सोय केली, बायकांच्या हाती पैसा आला आणि कासव हे गावाचं धन झालं. जानेवारी २०२२मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह-टॅग लावला गेला, तिचं नाव 'प्रथमा'. जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१मध्ये लावलेली पट्टी सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं पश्चिम किनाऱ्यावरही घरटी करू शकतात, हे त्या एका पट्टीनं दाखवून दिलं. रात्री किनारा तुडवणारी गावची माणसं नसती तर ती पट्टी कुणाच्या नजरेला पडलीच नसती.

वेंगुर्ल्यात 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडं त्या लांबूनच ओळखतात. चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली श्वासमुळं दाखवतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, त्याची हिरवी शेंग भाल्यासारखी लांब होते आणि ओहोटीला सुटून थेट चिखलात रोवली जाते, हे त्या शेंग हातात देऊन समजावतात. ज्या खाडीत त्या लहानपणापासून वावरल्या ती दाखवायला त्यांना शहरातल्या कुणाची परवानगी लागली नाही. प्रशिक्षण मिळालं, होडी मिळाली आणि दर ठरवायचा अधिकार मिळाला, एवढं पुरलं.

मग अशी माणसं मोजकीच का? सिंधुदुर्ग १९९७मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर रेल्वे पूर्ण झाली, चिपीचा विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला, महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंच आहे. पैसा रस्त्याला, इमारतीला, पुतळ्याला मिळतो. माणूस तयार करण्याला मिळत नाही, कारण माणसाचं उद्घाटन करता येत नाही. केंद्र सरकारचं पर्यटक सुविधादात्यांसाठीचं ऑनलाइन प्रमाणपत्र आहे, पण देशभरासाठी बनवलेल्या अभ्यासक्रमात हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव कसा बोलला जातो, किंवा रापणीचे दोर दोन्हीकडून ओढून झाल्यावर मासळीचे वाटे कसे पाडतात, हे कसं असणार? केरळनं २०१७मध्ये जबाबदार पर्यटन मिशन उभारलं आणि काथ्या वळणारी, माडावर चढणारी, विणकाम करणारी गावची माणसंच पर्यटकांसमोर आणली. ते सरकारी यंत्रणेनं केलं. कोकणात हे काम एकेका ध्यासवेड्या माणसाच्या खांद्यावर राहिलं आहे.

करायचं काय, हे अवघड नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात वाटाड्यांची नोंदवही हवी, ती ग्रामपंचायतीच्या आणि बंदराच्या फलकावर नाव, विषय आणि दिवसाच्या दरासह लागायला हवी. विषय महत्त्वाचा, कारण किल्ला सांगणारा आणि पक्षी दाखवणारा माणूस एकच असेल असं नाही. शिकवणारेही कोकणातच आहेत. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरीला उपकेंद्र आहे, कांदळवन प्रतिष्ठान आहे. प्रथमोपचार, बुडणाऱ्याला वाचवणं, किल्ल्यांचा तपासलेला इतिहास, प्राणी-वनस्पतींची ओळख एवढं पाठ्य पुरे. भरती-सुकतीचं आणि वाऱ्याचं ज्ञान मात्र उलट दिशेनं यावं. ते म्हाताऱ्या गाबितांनी आणि कोळ्यांनी शिकवावं आणि त्याचं मानधन त्यांना मिळावं.

पावसात काम नसतं, हा आक्षेप नेहमी येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंद, मग वाटाड्यानं खायचं काय? पण ज्या सड्यांवर उन्हाळ्यात नुसता काळा कातळ असतो, त्यांच्यावर श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचे निळे गालिचे पसरतात, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. ते पाहायला कासच्या पठारावर रांगेत उभं राहायची गरज नाही. सड्याची वाट माहीत असलेला माणूस मात्र हवा.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले आणि समुद्रालगतचे किल्ले आहेत. तिथं येणारी गर्दी आता वाढणार, देशाबाहेरूनही वाढणार. सुरुवात याच चार ठिकाणांपासून करावी. अलिबाग, दापोली, देवगड आणि मालवण या चार तालुक्यांतून प्रत्येकी वीस-पंचवीस माणसं निवडावीत, त्यांतली निम्मी बायका असाव्यात, मासेमारी बंदीचे दोन महिने त्यांना भत्ता देऊन शिकवावं आणि १ सप्टेंबरला होड्या पुन्हा पाण्यात उतरतील तेव्हा पहिली तुकडी धक्क्यावर उभी असावी. पर्यटकानंही खोली आरक्षित करतानाच विचारावं की गावात वाटाड्या कोण आहे, त्याचा दिवसाचा दर किती, आणि तो दर खोलीच्या पैशांबरोबर आगाऊ भरावा.